ताईच्या नळ्या आणि माझी बरणी

ताई गेल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. "वन्सं, ताई गेल्या हो... चहा मागितला, अन् घेऊन जाईस्तवर..." मुळशीहून नेऱ्याला माहेरी पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. मी रडले नाही, मला राग आला होता. आयुष्यभर घाट चढ-उतार केलेली बाई चहाचा कप हातात यायच्या आत जाते म्हणजे काय! दीड महिना झाला, राग तसाच आहे.

ताई, माझी थोरली बहीण, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेला जन्म समुद्रातल्या, नळीत राहणाऱ्या किड्यांपायी घालवायची. भातखाचरातल्या पोरीला हे वेड! ओहोटीची वेळ बघून एस्टीने ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायची, खडकांवरचे, शिंपल्यांवरचे नमुने आणायची, परतताना माझ्याकडे मुक्काम. गावाने तिला किडेवाली मास्तरीण करून टाकलं. बायका तोंडावर विचारायच्या, "खात्यात का गं ते?" ती हसायची. भांडायचे मी.

एकदा माझ्या ओट्यावर तिने भिंगाखाली एक शिंपला धरला. त्यावर पांढरी, वेडीवाकडी चुन्याची नळी. "ही त्याची त्यानं बांधलीया. डोक्यावर पिसांचा तुरा असतोय, त्यानंच खातो, त्यानंच श्वास घेतो. अन् एका पिसाचं झालंय झाकण. भ्यालं की आत शिरायचं अन् दार लावायचं."

"मग नळी बघून ओळखायचं का?"

"न्हाई गं शालू. नळ्या फसवत्यात. आतला जीव बघायचा. झाकण कसलं हाय, छातीवर केसांचे झुबके किती, ते मोजायचं. मगच नाव."

तिच्याकडच्या एका किड्याचं झाकण कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं. काट्यांची दुहेरी कडा होती त्याला. लिही, नाव दे, म्हणून मी किती वर्षं डोकं फोडलं. "अजून दोन-चार मिळू देत." तिच्या या सबुरीचा आजही संताप येतो. शेवटी त्याच किड्यांची, स्पिरिटमध्ये बुडवलेली एक बरणी तिने माझ्याकडे ठेवली. नेऱ्याच्या घरात भाडेकरूंची वर्दळ, कुणी हात लावला तर? "तुझ्याकडं सुखरूप राहील," म्हणाली.

दहाव्याला गेले तर ताईच्या फोटोपुढे स्टीलच्या ताटात नळ्या चकाकत होत्या. बरण्या रिकाम्या, पालथ्या. वहिनी कौतुकाने सांगायला लागली, "लई वास मारत हुता वन्सं. तांदूळ निवडल्यावानी येक येक किडा टाचणीनं काढला बघा. आत कागदाचे कपटे हुते, ते बी फेकले. आता कशा सोच्छ झाल्यात!" ते कपटे म्हणजे ताईने पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या, कुठला नमुना कुठे सापडला त्या. मी चार माणसांत ओरडले, "अक्कल गहाण टाकली होती का वहिनी!" ती बिचारी ताट तसंच धरून उभी राहिली.

तेराव्याला ताईची विद्यार्थिनी सुजाता बरण्या न्यायला आली. ताटातली एक एक नळी उचलून तिने आत डोकावून पाहिलं. "मावशी, नुसत्या नळ्यांवरून नाही हो नाव देता येत." मग एकदम सावरली. "पण बाई म्हणाल्या होत्या, एक बरणी बहिणीकडे आहे. ती मिळाली तर मी लिहिते. नाव बाईंचंच देऊ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "आहे ना."

नाही. गेल्या उन्हाळ्यात लोणच्याला बरणी कमी पडली. हे किडे ती कधी नेणार कोण जाणे, असं चरफडत मी ते सगळं परसातल्या केळीखाली ओतलं, बरणी घासली आणि कैरीचं लोणचं भरलं. ताई शेवटची आली तेव्हा तिच्या ताटात तेच वाढलं. दोनदा मागून घेतलं तिने. मग हात पुसत म्हणाली, "ती बरणी हाय ना गं?"

"हाय की, माळ्यावर."

"मग मला घोर न्हाई," म्हणाली.

वहिनीने निदान नळ्या तरी जपल्या. आणि अक्कल काढली मी तिची, मी! सुजाता रविवारी यायची आहे. तिला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हे लिहिते आहे. लोणचं काढून बरणी ओट्यावर ठेवली आहे. तिच्या झाकणावर ताईने लाल नेलपेंटने घातलेला नंबर आहे... काथ्याने घासला, तरी जात नाही.