लेकीला न कळणारी मराठी

नवऱ्याला एकदा अलीगढ पाहायचं होतं. पाहायचं म्हणजे लेकीला दाखवायचं होतं. तीस वर्षांपूर्वी ते तिथून इतिहासात एम.ए. झाले, त्यांच्या वस्तीतले पहिले. लेकीनेही तिथेच शिकावं असं त्यांच्या मनात होतं. तिची बारावी नुकतीच झाली होती, प्रवेशपरीक्षा महिन्यावर आली होती. आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की आता औषधं फक्त वेदना कमी करण्यापुरती. दिवाळीपर्यंतचं काही धरू नका.

लेकीला आम्ही हे सांगितलं नव्हतं. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं ठरलं. ठरवलं मी, त्यांनी मान हलवली. बाबांची कावीळ जरा लांबली आहे, एवढंच तिला माहीत.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर. तिथे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, लपवणार काय? पण आमच्याकडे वऱ्हाडी बोली होती. लेक दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली. तिच्याशी आम्ही पुस्तकातली मराठी बोलायचो, तीही अर्धी हिंदी. आमची स्वतःची बोली अमरावतीकडची. पोरीला लोक हसतील म्हणून ती तिला शिकवलीच नाही, आणि मग तीच लपवाछपवीच्या कामी आली. वाढदिवसाची सायकल, सासूबाईंचे रुसवे, ऑफिसातल्या भानगडी, सगळं तिच्या देखत वऱ्हाडीत, भरभर, तिला पकडता येऊ नये असं. लहानपणी ती चिडायची. "तुमचं सीक्रेट चालू झालं!" म्हणत पाय आपटायची. मोठी झाल्यावर इयरफोन घालायला लागली. ही बोली आपल्यासाठी नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

आजारपणातही तेच. 'रिपोर्ट', 'स्टेज' असले शब्द तेवढे टाळायचे, कारण ते तिने पकडले असते. मला तर माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही अलीगढला उतरलो. चालायची ताकद नव्हती, म्हणून दिवसभरासाठी एक ई-रिक्षा ठरवली. चालवणारा साठीचा, पांढऱ्या दाढीचा, मोजकं बोलणारा. आम्ही दोघं मागच्या बाकावर, लेक आमच्यासमोर, रिक्षावाल्याकडे पाठ करून.

विद्यापीठात शिरल्यावर मात्र नवऱ्याचा आवाज बदलला. लाल विटांच्या कमानी, कडुनिंबाची झाडं, हॉस्टेलची खिडकी. मेसमधली पातळ डाळ. "इथे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'आप' म्हणालं," ते लेकीला म्हणाले. "मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणतोय की काय!" ती हसली. "बाबा, स्माईल," म्हणत तिने फोटो काढला. ते हसले, पण डोळ्यांचा पिवळेपणा फोटोतसुद्धा दिसत होता.

हॉस्टेलवरून लायब्ररीकडे निघालो तेव्हा ते दमले होते. डोकं मागे टेकवून वऱ्हाडीत म्हणाले, "आता मले लय दिवस नाई राह्यले. पोरीले सांगून टाकू."

लेकीने सवयीने इयरफोन कानात घातले.

"तिची परीक्षा होऊ द्या पयले," मी म्हणाले.

"अन् मी त्याच्या आंदीच गेलो त?"

"तवाचं तवा पाहू. आत्ताच तिचा जीव कायले जाळता?"

"मले तिच्यासंग बोलाचं हाय, वं. असं खोटं बोलता बोलता मराचं नाई मले."

लेक फोटो बघत होती. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते.

लायब्ररीपाशी ते उतरले. "तुम्ही बसा, मी पायऱ्यांपर्यंत जाऊन येतो," म्हणाले आणि एकटेच निघाले, दर चार पावलांवर थांबत. रिक्षावाला त्यांच्याकडे बघत होता. मग तो लेकीकडे वळला, तशी तिने इयरफोन काढले.

"बेटा, आप यहाँ क्यों बैठी हो? जाओ, वालिद का हाथ पकड़ो. अब जितने दिन हैं उनके, साथ रहो."

"जितने दिन मतलब?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून त्याचाही उतरला. मग स्वच्छ वऱ्हाडीत म्हणाला, "पोरीले ठाऊक नाई का, बाई? पंधरा वर्सं अमरावती-अकोल्याच्या बाजारात कुलपं इकली जी मी. तुमी तिच्या समोरच बोलून राह्यले, मले वाटलं तिले ठाऊकच असन."

"मम्मी, अंकल काय बोलतायत?"

मी लायब्ररीच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"मम्मी!"

"बाबांकडे जा," मी म्हणाले. तेच उत्तर होतं. ती धावत गेली.

पायऱ्यांपाशी तिने त्यांचा हात धरला, काहीतरी विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तिला घेऊन पायरीवरच बसले. मी गेले नाही. जायची हिंमत नव्हती. आधी मी रिक्षावाल्यावर उखडले, आमचं बोलणं ऐकायची काय गरज होती म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा. तो बिचारा कान पकडून माफी मागत होता. मग रागवायला दुसरं कोणी उरलं नाही तेव्हा रडले.

बाप मरणार आहे हे माझ्या मुलीला एका अनोळखी माणसाने हिंदीत सांगितलं. आम्ही महिनाभर तेच तिच्यासमोर बसून बोलत होतो.

परतीच्या गाडीत ती त्यांना चिकटून बसली. मला एकच विचारलं, "अंकलना येतं, मग मला का नाही शिकवलं?"

तो उन्हाळा त्यांनी पलंगावरून तिला वऱ्हाडी शिकवण्यात घालवला. 'काहून', 'कायले', 'मले', 'तुले'. ती चुकली की त्यांना हसू यायचं आणि हसताना पोट धरावं लागायचं. परीक्षा तिने दिली, निकालानंतर दोघांनी मिळून प्रवेशाचा फॉर्म भरला. पुढेपुढे ती तासन्‌तास त्यांच्याशी कुजबुजायची. मी चहा घेऊन आत गेले की दोघंही गप्प व्हायची.

पोळ्याच्या दोन दिवस आधी ते गेले.

आता ती अलीगढला शिकते. रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते, हिंदीतच. एकदा राहवेना म्हणून मी विचारलं, "बाबा तेव्हा तुला काय काय सांगायचे गं?"

ती म्हणाली, "वो हमारा सीक्रेट है, मम्मी."