न्यूट्रलवर ठेवलेली गाडी

माझ्या साडूइतकी वाईट गाडी लावणारा माणूस अख्ख्या सिंगापूर बेटावर शोधून सापडायचा नाही, आणि आपण गाडी वाईट लावतो हे त्याच्याइतकं ठामपणे नाकारणाराही. चार वर्षांपूर्वी तो पुण्याहून इथल्या आयटी कंपनीत मॅनेजर म्हणून आला, वुडलँड्सला भाड्याचा फ्लॅट घेतला आणि एमआरटी मेट्रोचं स्टेशन पाच मिनिटांवर असताना सहा महिन्यांत जुनी गाडी घेऊन मोकळा झाला. गाडी घ्यायला मी बरोबर होतो. विकणाऱ्याला त्याने ना ॲव्हरेज विचारलं, ना एअरबॅगा. गियरची आणि हाताने ओढायच्या ब्रेकचीच हवी, असा हट्ट धरला, मग मागे जाऊन ती दोन्ही हातांनी ढकलून पाहिली आणि "हलकी आहे" म्हणून पसंत केली. मला सांगायची आहे ती या ढकलण्याचीच गोष्ट. तिच्या शेवटी एका साठीच्या मुलाला आपल्या आईचं तोंड बघायला मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसाल ते बेतानं हसाल.

तशा त्याच्या तऱ्हा अनेक. गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा होता, पण यंत्रावर त्याचा काडीचा विश्वास नाही. मागे कुणीतरी उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास!" म्हटल्याशिवाय त्याची गाडी मागे जायचीच नाही. ते काम माझ्या मेहुणीचं. भर पावसात एका हातात छत्री घेऊन ती "येऊ द्या" करत उभी असायची आणि हा ती "बास" म्हणाल्यावरही आणखी हातभर मागे यायचा. दोन रेघांच्या मधली जागा ही त्याच्या मते नवशिक्यांसाठी केलेली सूचना होती. एकदा रविवारी एका मॉलच्या पार्किंगमध्ये रिकामी जागा दिसताच त्याने मेहुणीला खाली उतरवून त्या जागेत उभं केलं आणि स्वतः वळसा घालून यायला गेला. तेवढ्यात दुसरी गाडी आली. मेहुणी हलेना. सोमवारी माझ्या ऑफिसात सगळ्यांच्या फोनवर तिचा फोटो, दोन्ही हातांत पिशव्या, समोर गाडीचं नाक. मी त्याला झापायला गेलो तर मलाच म्हणाला, "अहो साडूभाऊ, हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की टिश्यूची पुडी ठेवून अख्खं टेबल राखून ठेवतात ही माणसं. पुडीला टेबल मिळतं, मग माझ्या बायकोला एक पार्किंग मिळू नये?"  मी तो किस्सा पुढे दहा घरी सांगितला.

पण त्याची खरी श्रद्धा न्यूट्रलवर. पुण्यात त्याच्या सोसायटीत फ्लॅट चाळीस आणि गाड्यांना जागा अठरा. मग बाकीच्यांनी आडव्या लावायच्या, गियर न्यूट्रल, ब्रेक सोडलेला. ज्याला निघायचं असेल त्याने समोरची गाडी ढकलून वाट करून घ्यायची. सकाळी ऑफिसला निघताना दोनतीन गाड्या ढकलल्याशिवाय तिथे कुणाचा दिवस सुरू होत नसे, आणि त्या ढकलाढकलीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा मुलगा नापास झाला, सगळं कळायचं. त्याला ते शेजारपण वाटायचं. इथे कुणी कुणाच्या गाडीला बोटही लावत नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटे. लोक इथे आडवी गाडी लावलीच तर काचेत मोबाइल नंबर ठेवतात. हा तेही करायचा नाही. म्हणायचा, "जेवत्या माणसाला फोन करून उठवायचं, त्यापेक्षा चार पावलं ढकललेली काय वाईट?"

गेल्या वर्षी गणपतीत तो संध्याकाळच्या आरतीला आमच्याकडे आला. आम्ही चोआ चू कांगला राहतो. आमच्या ब्लॉकखालचं, म्हणजे इमारतीखालचं पार्किंग भरलेलं होतं. "कुठे लावलीस?" मी विचारलं. "खालीच. न्यूट्रलवर," तो म्हणाला आणि आलेली मंडळी हसली, कारण त्याचे किस्से मी सगळ्यांना ऐकवलेले. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला खालून हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा, मग लांबच लांब. माझी मुलगी खिडकीतून डोकावून म्हणाली, "बाबा, समवन हॉर्निंग लाह. व्हेरी लाँग ऑलरेडी." साडू टाळ्या वाजवता वाजवता म्हणाला, "ढकलेल गं तो, हलकी आहे."  माझ्या हातात झांजा होत्या, त्या मी आणखी जोरात वाजवल्या.

मंत्रपुष्पांजली होईपर्यंत हॉर्न थांबला होता. "बघा, ढकलली!" साडू खूश होऊन म्हणाला. प्रसाद घेऊन खाली गेलो तर त्याची गाडी होती तिथेच होती आणि तिच्यामागे अडकलेली दुसरी गाडीही. त्या गाडीत कुणी नव्हतं. आम्हाला काही उलगडलं नाही, तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पांढरे पडदे लागले होते, गोल टेबलं मांडत होते. इथल्या चिनी घरांतला मृत्यू असा चार दिवस ब्लॉकखाली येऊन बसतो. गेलेली बाई तिसऱ्या मजल्यावरच्या अंकलची आई होती, नव्वदीची, महिनाभर हॉस्पिटलात. लिफ्टमध्ये शेजारची आँटी सांगू लागली. संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन आला होता, लगेच या. अंकल धावत खाली आला तर गाडीपुढे कुणाची तरी गाडी आडवी. नंबर नाही, काही नाही. पंधरा मिनिटं बिचारा हॉर्न वाजवत उभा होता. मग टॅक्सीसाठी रस्त्यावर पळाला. पोचला तेव्हा आई गेलेली. "हिज मदर कीप आस्किंग फॉर हिम, यू नो," आँटी म्हणाली. मी तळमजला आल्यावरही लिफ्टमध्येच उभा राहिलो.

साडूला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "संध्याकाळी येतो. मला त्यांच्याकडे घेऊन चला." मी त्याला समजावलं, की गाडी कुणाची हे कुणालाच माहीत नाही, सांगून ती बाई परत येणार आहे का? तो म्हणाला, "मला माहीत आहे ना." हे वाक्य ऐकलं आणि मला त्या माणसाचा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आदर वाटला.

संध्याकाळी आम्ही त्या पडद्यांत गेलो तेव्हा अंकल पांढऱ्या टीशर्टात होता, बाहीला सुतकाचा म्हणून कापडाचा छोटा तुकडा टाचलेला. आम्हाला बसवून त्याने शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवली. साडू बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "अंकल, दॅट कार वॉज माइन." अंकलने विचारलं, "व्हाय यू नेव्हर पुट हँडफोन नंबर?" आवाज चढलेला नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. साडूने सांगितलं, न्यूट्रलवर होती, ब्रेक सोडलेला होता, मला वाटलं तुम्ही ढकलाल. "पुश?" अंकलला कळेचना. "अदर पीपल्स कार, हाऊ कॅन पुश?"

मग तो उठला आणि म्हणाला, "शो मी."

आम्ही तिघं पार्किंगमध्ये गेलो. साडूने दार उघडून गियर न्यूट्रल केला, ब्रेक सोडला आणि बाजूला झाला. अंकलने गाडीच्या मागच्या बाजूवर एक हात ठेवला, दुसराही लावणार होता, पण गाडी एका हातानेच सरकली. दोनचार पावलं तो तिच्याबरोबर चालत गेला. मग थांबून आपल्या तळहाताकडे बघत म्हणाला, "सो लाइट." आणि परत जाऊन आईच्या शवपेटीपाशी बसला. साडू तिथेच खाली बसला आणि रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तो काढला नाही.

आता माझा साडू दोन रेघांच्या बरोबर मध्ये गाडी लावतो. ब्रेक दोन्ही हातांनी ओढतो, काचेत नंबर ठेवतो, तरी लिफ्टपर्यंत येऊन पुन्हा बघून येतो. मेहुणीला पावसात उतरवत नाही. इतकी वर्षं सगळे त्याला हेच सांगत होतो आणि आता तो ऐकतो ते बघवत नाही.

परवा घरी आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही इथे पंधरा वर्षं आहात. इथे कुणी ढकलत नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

तो वाट बघत राहिला. मी काय सांगणार होतो? तू सुधारला असतास तर चार लोकांत सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं, हे? मी मान खाली घातली. माझ्या बायकोने किटलीत चहा आणून ठेवला होता. थोड्या वेळाने त्यानेच तो दोन कपांत ओतला आणि पहिला कप माझ्यापुढे सरकवला.