दादांच्या तोंडची वाट

पहिल्याच वर्षी मी दोन गणपतींचे मुकुट मोडले. तेही मूर्तीला हात न लावता, रोह्याच्या कचेरीत पंख्याखाली बसून.

ट्रान्सपोर्टमध्ये माझं काम लांबच्या गाड्यांचा रस्ता आखून द्यायचं. कुठल्या पुलाखालून गाडी जाते, कुठल्या शहरात दिवसा ट्रकला बंदी आहे, परराज्याच्या नाक्यावर कोणते कागद लागतात, ड्रायव्हरने किती तासांनी स्टिअरिंग सोडायचं. तोवर मी कंपन्यांच्या खताच्या गोणीच पाठवलेल्या. गोणी भरल्या की गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसते, चार बोटं खाली जाते. पेणहून इंदूरला मूर्ती न्यायच्या, तर मी त्याच बसलेल्या गाडीची उंची धरली. मूर्ती पोकळ, हलक्या. गाडी बसलीच नाही, आणि एका ठेंगण्या पुलाने वरच्या थराचे मुकुट काढून घेतले.

गाडीवर होते माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा. परत आल्यावर म्हणाले, "भावजी, देव काय युरियाच्या गोणी हायत, दाबून बसायला?"

ते वाक्य घरी अजून माझ्या नावाने खपतं.

तेव्हापासून आमची एक रीत पडली. श्रावणात पेणच्या कारखान्यासमोर गाडी भरून झाली, वर ताडपत्री पडली, की दादा चाकाशी उकिडवे बसत. डोळे मिटून सगळी वाट तोंडाने बोलत आणि मी लिहून घेई. गडब गावाच्या पुढे खाडीकडचा हा माणूस. वडील मिठागरावर राबले, हा रस्त्यावर. मूर्तींच्या फेरीला ते चपला केबिनमध्ये नेत नसत.

"पनवेल सोडलं का भिवंडीला बाहेरचाच रस्ता धरायचा, गावात शिरायचं नाय. कसाऱ्याला घाई नाय. नाशकाला बंदीचा टाइम असंल तर अलीकडंच जेवायचं, पोलिसाशी हुज्जत नाय. मग मालेगाव, धुळं, शिरपूर. पुढं बिजासनचा घाट. येताना उतार हाय, लिवा भावजी, गियरमध्येच उतरायचं, ब्रेकवर नाय."

माझं काम फक्त ते शुद्ध मराठीत करून कचेरीचा शिक्का मारायचं. साहेब मला हुशार समजत.

शेवटच्या वर्षीही दादा असेच बसले. ही एक फेरी करून गाडी सोडायची, असं त्यांनीच ठरवलं होतं. पहिलं वर्ष धरून ही फेरी त्यांनी कधी चुकवली नव्हती.

"धुळं, शिरपूर… शिरपूर सोडलं का मालेगाव."

मी हसलो. "दादा, मालेगाव मागेच झालं. मला डुलकी लागली की काय?"

"लिवताना लक्ष कुठं असतं तुमचं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा पनवेलपासून वाट धरली. पुन्हा शिरपूरनंतर मालेगाव आलं. तिसऱ्यांदाही तेच. मग मीच विचारलं, "आणि घाट?"

"कंचा घाट?"

सोबत दुसरा ड्रायव्हर होता. दादांचं लायसन चालू होतं, डॉक्टरचा दाखला होता. मी नाव लिहिलं असतं तर कुठल्याही नाक्यावर कुणी अडवलं नसतं. पण निम्मा रस्ता त्यांच्या हातात असणार होता. मी त्यांच्या नावाची जागा कोरी ठेवली, कचेरीत फोन करून त्यांच्या जागी माणूस मागवला.

"दादा, यंदा तुम्ही नका जाऊ."

"कागदात काय कमी हाय काय?"

"नाही. कागद सगळे आहेत."

"मग?"

लग्नकार्यात माझं तोंड बंद करायला माणसं लागतात. तिथे मी पेनाला टोपण लावत बसलो. दादा माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मग उठले, गाडीभोवती फिरून ताडपत्रीचे दोर ओढून पाहिले, एक गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. "मुकुट संभाळा रं," एवढंच त्या दोघा ड्रायव्हरांना म्हणाले. गाडी हलली तेव्हा त्यांनी अनवाणीच हात जोडले.

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते गडबपर्यंत आले.  बरोबर त्यांच्या फाट्यापाशी त्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली. उतरले आणि मागे न बघता खाडीच्या वाटेला लागले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मालेगाव सांगितलं, घाट सांगितला, मी किती बरोबर वागलो तेही सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची फुगून जळू लागली तरी तिने उलटली नाही.

मग ती जळकी भाकरी खाली काढून म्हणाली, "पुढच्या वर्षीपण त्याला लिहायला बोलवा. तो बोलेल तेच लिहा. मध्येच टोकू नका. गाडीला द्यायचा कागद मागून दुसरा करा."