दारावरची पाटी

आज सकाळी नवरा आमच्या व्हॅनच्या सरकत्या दारावर नावाची पाटी लावताना दिसला. ती पितळी पाटी मी हौसेनं करून घेतली होती आणि स्वतःचं घर होईल तेव्हासाठी जुन्या साडीत गुंडाळून ठेवली होती. घरासाठी पैसे साठावेत म्हणूनच आम्ही भाड्याची जागा सोडून व्हॅनमध्ये राहायला आलो. तेव्हापासून मी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकते, ताटं आधी कागदानं पुसते, मग धुते. चपलाही आतच काढते, कारण एकदा त्या बाहेर राहिल्या आणि आम्ही पुढच्या गावी पोचलो. हे कधीतरी संपणार आहे, या भरवशावर माणूस अडचणीतही मजेत राहतो. तो भरवसाच कुणी परस्पर मोडला, की सोसलेलं सगळं एकदम अंगावर येतं.

"छपरावर सोलर आणि नवा पलंग सांगून आलोय," स्क्रू पिळत तो म्हणाला. "साठवलेले त्यातच जातील. पण वेगळं घर हवंय कशाला? हेच आपलं घर."

मी दार सरकवलं. पाटी माझ्यासमोरून बाजूला निघून गेली.

"बरं," मी म्हटलं, "मग आजपासून चपला बाहेर काढू?"