सुरंगीचा वळेसार

"डोळे मिटा. नाव मी आत्ता सांगणार नाही," असं म्हणत बाई चुरगळलेलं पान समोरच्याच्या तळहातावर ठेवायच्या. हुंगायचं आणि ओळखायचं. लालबागहून चालत जाता येईल अशा त्या जुन्या वनस्पतींच्या बागेत तुम्ही कधी रविवारी सकाळी गेला असाल, तर त्यांना पाहिलं असेल. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि मागे रेंगाळणारी माणसं. गिरगावातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर लोकांना झाडं दाखवायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. मी गुडघ्यांसाठी चालायला जायचे, ती त्यांच्या मागे मागे फिरू लागले.

एकदा बाई मोठ्या तापातून उठल्या आणि त्यांची रीत बदलली. आता नाव आधी सांगायच्या आणि पान पुढे करून विचारायच्या, "तुम्ही सांगा. कसा आहे वास?"

लोक खुलले. लवंगेचं पान हुंगून एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "दातांचा दवाखाना!" निलगिरीला एक टॅक्सीवाले म्हणाले, "सर्दी झालेली आमची बायको." बाई खळखळून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "अजून सांगा ना. नाकात झोंबतो की नुसता गार लागतो?"

मला वाटलं, शिकवायची नवी पद्धत असेल. एकदा बाकावर बसलो असताना मी तसं म्हणालेसुद्धा.

"पद्धत कसली गं," बाई म्हणाल्या. "तापानंतर मला वासच येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही."

"मग हे कशाला करता? त्रास नाही होत?"

"होतो. पण कुणी मनापासून सांगायला लागलं, की क्षणभर वाटतं, आलाच."

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी डिलाईल रोडच्या चाळीतल्या एक आजी मुलाबरोबर आल्या. मूळच्या मालवणकडच्या. एका झाडाखाली पांढरी फुलं पडलेली पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"ही तर सुरंगी! आमच्या दारात होती गो. लगीन होऊन मुंबयक इलंय, ती परत बघूक गावली नाय."

बाईंनी खाली वाकून फुलं वेचली आणि त्यांच्या ओंजळीत घातली. आजींनी ओंजळ नाकाशी धरली. 

पुढच्या रविवारी आजी पुन्हा आल्या. गावाहून येणाऱ्या कुणाकडून तरी त्यांनी सुरंगीचा वळेसार मागवला होता, केळीच्या पानात गुंडाळून. सगळ्यांसमोर त्यांनी तो गजरा बाईंच्या आखूड, पांढऱ्या केसांत कसाबसा खोवला.

"वास येता मा, बाय?"

मी बाईंकडे बघायचं टाळलं.

"येतो हो," बाई म्हणाल्या. "किती छान येतो."

आजींचा चेहरा उजळला. बाई पुढच्या झाडाकडे निघाल्या. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. घरी परत जाईपर्यंत त्यांचा हात सारखा गजऱ्याकडे जात होता.

पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. त्यांच्या भाचीचा फोन आला.

नंतरच्या रविवारी मी बागेत गेले. दाराशी एक नवीन जोडपं उभं होतं. "इथे झाडं दाखवणाऱ्या बाई येतात ना?" त्या मुलीनं विचारलं.



"येतात," मी म्हटलं.

त्यांनी छत्री थोडी माझ्याकडे कलती केली आणि आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो.