राहूद्या सर

आमच्या ऑफिसात 'हे काढून टाकू' असं कुणी म्हणायचा अवकाश, कोपऱ्यातून आवाज यायचा, "राहू द्या." म्हणून त्यांचं नाव राहूद्या सर. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी स्मार्ट कार्डचं सॉफ्टवेअर लिहायचो. घरी मात्र या माणसाला जुनं काही खपत नसे. अंगठा तुटला की चप्पल उकिरड्यावर. मी एकदा टोचून विचारलं, तर म्हणाले, "चप्पल माझी हाय. कार्ड लोकायचं हाय."

पहिली कार्डं त्यांनीच केलेली. हसनाबादच्या डेअरीत स्वतः बसून, दूध घालणाऱ्या एकेकाला विचारून त्यांनी कार्डात ज्याचा त्याचा नमस्कार घातला: कुणाचा राम राम, कुणाचा जय भीम, कुणाचा सलाम. कार्ड मशीनमध्ये घातलं की पडद्यावर आधी नमस्कार, मग दुधाचं माप. माझे वडील त्याच गावचे; त्यांना आम्ही दादा म्हणतो. मी सुट्टीला गेले की माझं काही विचारायच्या आधी ते विचारत, "सर कसे हायेत?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढे नव्या कार्डांचं काम माझ्याकडे आलं. नमस्कारापायी सकाळची रांग खोळंबते म्हणून तो काढायचं ठरलं. मी म्हटलं, जुनी कार्डं गोळा करू, सगळ्यांना नवी देऊ, पाटी कोरी.

"राहू द्या," सर म्हणाले. "नव्यात नमस्कार घालू नका. पण जुन्यातला काढू नका. सून आली म्हून सासूला घराबाहेर काढतेत का?"

मालकांनी त्यांचंच ऐकलं. मशीन आता कार्डाला आधी त्याचं वय विचारी. जुनं असेल तर जुन्या रीतीनं बोले, नवं असेल तर थेट माप. माझ्या सुटसुटीत प्रोग्राममध्ये ही सासू ठाण मांडून बसली. आणि एकही कार्ड अडलं नाही. अडावं असं मला फार वाटत होतं.

दादांचं नवं कार्ड मी हौसेनं करून नेलं. त्यांनी हळदकुंकू वाहून ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि सकाळी जुनंच घेऊन निघाले. "तुझं लई चांगलं हाय, माय," म्हणाले. "पण हे बोलतंय."

मग सर नोकरी सोडून मुलाकडे हैदराबादला निघाले. निरोपाला दादा खव्याचा डबा घेऊन आले. आमच्या ऑफिसची पायरी ते त्या दिवशी पहिल्यांदा चढले. सर जाताना मला म्हणाले, "आता काढायचं ते काढा. फक्त माणूस पुलावर असताना पूल पाडू नका."

काही वर्षांनी मशीनं बदलली आणि मी सगळं सॉफ्टवेअर नव्यानं लिहिलं. सरांची एक ओळ ठेवली नाही. 'राहू द्या' म्हणणारं आता कुणी नव्हतं. तरी नमस्काराशी येऊन हात अडला. हसनाबादेत थोडी जुनी कार्डं अजून चालू होती, त्यातलं एक दादांचं. शेवटी चरफडत तो नमस्कारही मीच नव्यानं लिहिला, सरांच्यापेक्षा झटकन उमटणारा.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम डेअरीत मशीनशेजारी जाऊन उभी राहिले. दादांनी कार्ड घातलं. 'राम राम' उमटलं, माझं. त्यांनी दुधाची कॅन खाली ठेवली, पडद्याला हात जोडले आणि म्हणाले, "राम राम, सर."

मग माझ्याकडे वळले. "बघ माय, हैद्राबादला गेले, पण इसरले न्हाईत."