फौजीकाकांचा मूकपट

मूकपटाला क्षणभरही गप्प बसू न देणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका नालवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना फौजीकाका म्हणतो. पलटणीतल्या एका मित्राने दिलेला जुना विलायती मूकपट त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. लढाईवरून परतलेला शिपाई आणि त्याच्या गावच्या गिरणीत पेटलेला संप, एवढीच त्याची गोष्ट. खिडक्यांना चादरी लावून काका तो ज्याला-त्याला दाखवतात. ऐंशीच्या वयात कडक इस्त्रीची पँट घालून पडद्याशेजारी सावधान उभे राहतात आणि सगळ्या पात्रांचं स्वतःच बोलतात. मालक हिंदीत, मजूर वऱ्हाडीत आणि मालकाची मुलगी थेट पुण्याच्या मराठीत! पडद्यावर मधूनमधून लेखी संवाद उमटतात, पण त्यांवर काकांचा काडीचाही विश्वास नाही. एकदा मी मागे हळूच संगीत लावलं, तर खेळ थांबवून म्हणाले, "मुकं हाय ना ते? मुक्यापाशी बेंड काऊन वाजवून राह्यला?" शिपाई चहा प्यायला लागला की मध्यंतर, प्रेक्षकांनाही चहा. तो जेवायला बसतो तिथे मात्र काकूंनी साफ नकार दिलेला आहे.

एवढं वेड कशापायी, हे मला फार उशिरा कळलं. फौजेतून परतल्यावर काकांना गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी लागली होती. थोरले भाऊ तिथेच साच्यावर कापड विणायला. पुढे संप झाला आणि भाऊ मोर्चात सगळ्यांत पुढे. "मी गेटच्या आंदर, दादा बाहीर," काका म्हणाले. "उघड म्हणे. मी नाई उघडलं. डूटी होती ना." दादा अल्लीपूरला निघून गेले आणि त्यानंतर धाकट्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात काकांनी अल्लीपुरातच खेळ लावला, चित्र चालवायला मी सोबत. एकट्या दादांना बोलवायची छाती होईना, म्हणून अख्ख्या गावाला आमंत्रण! मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. दुपारी गावातला बुद्धविहार भरला. दादा काठी टेकत आले आणि मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्या दिवशी मालकाच्या तोंडी त्यांनी इतकी दुष्ट हिंदी घातली की बायका बोटं मोडायला लागल्या.

शेवटी संपकरी फाटकाशी आले. आत पहाऱ्यावर तो शिपाई, बाहेर त्याचा सख्खा भाऊ. भावाने गज धरले, तोंड उघडलं, आणि काका गप्प. त्यांचे ओठ हलले, पण आवाज येईना. मी घाबरून चित्र थांबवलं. सगळे काकांकडे बघत असताना मागून थकलेला आवाज आला, "उघड ना बे लहान्या, काऊन उभा राह्यला?"

"उघडलं, दादा," काका कसेबसे म्हणाले आणि घळाघळा रडायला लागले.

पडद्यावर फाटक बंदच होतं, पण तसं म्हणायला कोणी धजलं नाही. दादा काठी टेकत पुढे आले, काकांना हाताला धरून त्यांनी खाली बसवलं. दोघांच्याही माना आता हलतात. बोलायला किती दिवस मिळणार, या विचाराने माझा जीव हळहळला.

"बहुत टाइम लावला तू," दादा म्हणाले.